बंद-चालू करण्याआधी दिवे वाचा

नेट गेलं की घरातलं कुणीतरी उठतं, राउटरचा स्विच बंद करतं, दहापर्यंत आकडे मोजतं आणि पुन्हा चालू करतं. दोन-तीन मिनिटांत नेट येतं, सगळे आपापल्या कामाला लागतात. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग तो उपाय राहत नाही, घराची सवय होऊन बसते. मुलांची ऑनलाइन परीक्षा किंवा कुणाची ऑफिसची मीटिंग मध्येच तुटते तेव्हाच या सवयीचा राग येतो.

बंद-चालू करणं चुकीचं नाही. वर्षातून एखाद-दोनदा अडकणाऱ्या राउटरला तेवढं पुरतं. पण दर आठवड्याला परतणाऱ्या बिघाडात त्याचा मोठा तोटा आहे. स्विच बंद होताच पुरावा पुसला जातो. कोणता दिवा लाल होता, लाइन किती वाजता तुटली, राउटर मध्येच आपोआप रीस्टार्ट झाला होता का, ही माहिती त्या क्षणी डब्यातच असते. बहुतेक घरगुती राउटर आपली नोंद तात्पुरत्या मेमरीत ठेवतात. वीज तोडली की ती कोरी होते. मग कंपनीचा माणूस येतो, सगळं सुरळीत चालू असतं, ‘आत्ता तर चालतंय’ म्हणून तो निघून जातो आणि तक्रार बंद होते.

म्हणून या लेखातला पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा: स्विचला हात लावण्याआधी दोन मिनिटं फक्त बघा. पुढचं सगळं त्या दोन मिनिटांत काय बघायचं आणि त्यावरून काय ठरवायचं, याबद्दल आहे.

कडी कुठली तुटली?

आता शहरांत आणि बऱ्याच तालुक्यांच्या गावीही घरात येते ती फायबर. कंपनीच्या केंद्रातून निघालेला प्रकाश एका तारेतून येतो, वाटेत खांबावर किंवा इमारतीच्या डक्टमध्ये बसवलेल्या स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो, आणि तुमच्या भिंतीवरच्या डब्यात त्याचं विजेच्या संकेतात रूपांतर होतं. या डब्याला तंत्रज्ञ ‘ओएनटी’ किंवा ‘ओएनयू’ म्हणतात, घरात आपण मोडेम म्हणतो. काही घरांत हाच डबा वाय-फायही देतो, तर काही घरांत त्याला वेगळा राउटर जोडलेला असतो. वाय-फायवरून पुढे मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप.

काही इमारतींत अजून जुनी पद्धत आहे. केबलवाल्याचा स्विच गच्चीवर किंवा मीटरच्या खोलीत असतो आणि तिथून साधी लॅनची वायर तुमच्या राउटरपर्यंत येते. अशा ठिकाणी एक गोष्ट लक्षात ठेवा. तुमच्या घरात इन्व्हर्टर असला तरी गच्चीवरच्या त्या स्विचला वीज मिळतेच असं नाही. लाइट गेली की नेट जातं आणि लाइट आल्याबरोबर येतं, घरातला राउटर मात्र तोवर चालूच असतो, असं होत असेल तर दोष तुमच्या राउटरचा नाही.

शोध सुरू करण्यापूर्वी दोन साधे प्रश्न विचारून घ्या. रिचार्ज संपलाय का? आणि त्याच कंपनीचं नेट शेजारी चालू आहे का? शेजारीही बंद असेल तर बिघाड बाहेर आहे. अशा वेळी तक्रार नोंदवून थांबायचं, घरातल्या सेटिंग्ज उलटसुलट करत बसायचं नाही.

दिव्यांची भाषा

डब्यावरचे दिवे कंपनीप्रमाणे थोडे बदलतात, पण त्यातले चार जवळजवळ सगळीकडे असतात.

‘पॉवर’ स्थिर असायला हवा. तो मंद झाला, लुकलुकू लागला किंवा सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागले, तर संशय अॅडॅप्टरवर.

‘लॉस’ या दिव्याच्या नावातली तीन इंग्रजी अक्षरं म्हणजे ‘लॉस ऑफ सिग्नल’. एरवी हा दिवा बंद असतो. तो लाल लुकलुकत असेल तर कंपनीचा प्रकाश तुमच्या डब्यापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी राउटर दहा वेळा बंद-चालू केला तरी उपयोग शून्य. फायबर कुठेतरी तुटली आहे, वाकली आहे, कनेक्टर निसटला आहे, किंवा कंपनीच्या बाजूने बिघाड आहे.

‘पॉन’ स्थिर असेल तर तुमच्या डब्याची केंद्राशी ओळख पटली आहे. तो सतत लुकलुकत राहिला तर प्रकाश येतोय पण नोंदणी होत नाही. प्रकाश फार क्षीण असल्यावर असं होतं, आणि केंद्रात तुमच्या डब्याचा क्रमांक नोंदवलेला नसला तरी होतं.

‘इंटरनेट’ लाल किंवा बंद असेल, पण पॉन स्थिर असेल, तर तार ठीक आहे आणि लॉगिन अडलं आहे. संपलेला रिचार्ज, बदललेला पासवर्ड किंवा कंपनीचा लॉगिन सर्व्हर ही त्याची नेहमीची कारणं.

चारही दिवे ठीक आणि तरीही नेट नाही? मग दोष वाय-फायमध्ये, नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे डीएनएसमध्ये, किंवा तुमच्या मोबाइल-लॅपटॉपमध्ये आहे.

दिवे पाहिल्यावर मोबाइलने फोटो काढा. फोटोत वेळ आपोआप नोंदली जाते, आणि लाल दिव्याच्या फोटोपुढे ‘आमच्याकडून सगळं ठीक दिसतंय’ हे उत्तर फार वेळ टिकत नाही.

तीन पिंग

लॅपटॉप असेल तर तो शक्यतो वायरने राउटरला जोडा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पिंग’ ही आज्ञा तीन वेळा द्या. पहिल्यांदा राउटरचा स्वतःचा पत्ता, जो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि डब्याच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. दुसऱ्यांदा बाहेरचा एखादा कायम चालू असणारा पत्ता, उदाहरणार्थ ८.८.८.८ किंवा १.१.१.१. तिसऱ्यांदा एखाद्या संकेतस्थळाचं नाव.

पहिल्यालाच उत्तर नाही आलं, तर बिघाड घरातच आहे, म्हणजे वायर, वाय-फाय किंवा खुद्द राउटर. पहिलं उत्तर येतं पण दुसरं नाही, तर बाहेरची लाइन किंवा लॉगिन. पहिली दोन उत्तरं येतात आणि फक्त नावाचं येत नाही, तर डीएनएस अडला आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये कंपनीच्या डीएनएसऐवजी १.१.१.१ किंवा ८.८.८.८ घातला की हा दोष बऱ्याचदा कायमचा जातो.

तिन्ही उत्तरं नीट येत असूनही एकच अॅप चालत नसेल तर घरात काही शोधू नका. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप जगभर सुमारे सहा तास बंद होतं. अशा रात्री राउटर बंद-चालू करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

दोन वेळा ताडून पाहा

वारंवार जाणाऱ्या नेटचं मूळ शोधायला सर्वांत उपयोगी पडते ती राउटरच्या ‘स्टेटस’ पानावरची एक माहिती, आणि नेमकी तीच फारसं कुणी बघत नाही. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून लॉगिन केलं की तिथे दोन वेगवेगळ्या वेळा दिसतात. एक, राउटर किती वेळ सलग चालू आहे. दोन, इंटरनेटची जोडणी किती वेळ सलग टिकली आहे. पहिल्याला ‘सिस्टिम अपटाइम’ म्हणतात. दुसरी वेळ ‘वॅन’ किंवा ‘पीपीपीओई’ या मथळ्याखाली सापडते.

नेट जाऊन आपोआप परत आलं आणि तुम्ही स्विचला हातही लावला नव्हता, असं समजा. स्टेटस पान म्हणतंय की राउटर वीस मिनिटांपूर्वीच सुरू झाला. म्हणजे तो स्वतःच बंद पडून उठला. कारण वीज, अॅडॅप्टर किंवा उष्णता. याउलट राउटर नऊ दिवस सलग चालू आहे आणि जोडणी मात्र वीस मिनिटांची आहे. म्हणजे डबा ठणठणीत आहे आणि बाहेरची लाइन तुटून जोडली गेली. दोन्ही वेळा नऊ दिवसांच्या असतील आणि तुम्हाला तरी नेट गेल्यासारखं वाटलं असेल, तर दोष बहुधा वाय-फायचा.

ही एक तुलना केली की शोधाचं क्षेत्र एक तृतीयांशावर येतं. त्याच पानाजवळ ‘सिस्टिम लॉग’ही असतो. बंद-चालू करायचंच असेल तर आधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या. लॉगमधल्या काही ओळींवर १९७० सालची तारीख दिसली तर घाबरू नका. बऱ्याच राउटरना स्वतःचं बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत ते १ जानेवारी १९७० पासून मोजत राहतात. रीस्टार्टनंतरही लॉग जपून ठेवणाऱ्या राउटरमध्ये अशा ओळी लॉगच्या मधोमध दिसणं म्हणजे राउटर तिथे रीस्टार्ट झाल्याची खूणच.

बिघाडाची वेळ लिहून ठेवा

दोन आठवडे एका वहीत किंवा मोबाइलवर एवढंच टिपा: तारीख, वेळ, कोणता दिवा, किती वेळ, त्या वेळी घरात-बाहेर काय चाललं होतं. वेळेवरून बिघाडाची जात ओळखता येते.

दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान आणि तेही उन्हाळ्यात जात असेल तर उष्णता. लाइट जाता-येता जात असेल तर अॅडॅप्टर किंवा इन्व्हर्टर. पाऊस पडल्यावर काही तासांनी जाऊन ऊन पडल्यावर येत असेल तर बाहेरच्या जॉइंटमध्ये पाणी. रोज रात्री आठ ते अकरा वेग कोसळत असेल, पण जोडणी तुटत नसेल, तर कंपनीच्या लाइनवर गर्दी. एकाच खोलीत जात असेल तर वाय-फायची पोहोच. महिन्याच्या शेवटी वेग रखडत असेल तर प्लॅनची डेटामर्यादा संपलेली असण्याची शक्यता पाहा. अनेक ‘अनलिमिटेड’ प्लॅनमध्येही ठरावीक जीबीनंतर वेग कमी केला जातो.

अॅडॅप्टर: पहिला संशयित

डबा महाग आणि अॅडॅप्टर स्वस्त, म्हणून कुणी अॅडॅप्टरकडे बघत नाही. प्रत्यक्षात आधी थकतो तो अॅडॅप्टरच. त्यातले कपॅसिटर वर्षानुवर्षं चोवीस तास तापून क्षीण होतात. दिवा लागतो, डबा सुरूही होतो, पण घरातली सगळी उपकरणं एकदम वाय-फायवर आली आणि राउटरने जास्त करंट मागितला की व्होल्टेज खाली बसतं आणि राउटर रीस्टार्ट होतो. त्यामुळे एकटा मोबाइल जोडून तपासलं की सगळं ठीक, आणि संध्याकाळी सगळं घर जमलं की बिघाड.

अॅडॅप्टर बदलताना त्यावर छापलेले दोन आकडे पाहा. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. १२ व्होल्टच्या डब्याला १२ चाच अॅडॅप्टर, ९ च्या डब्याला ९ चाच. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नाहीत. मूळ अॅडॅप्टर १२ व्होल्ट, १.५ अँपिअरचा असेल तर १२ व्होल्ट, २ अँपिअरचा बिनधास्त लावा. १ अँपिअरचा लावू नका. पिनची जाडी आणि अधिक-उणे टोकांचं चिन्हही जुळायला हवं. पिन बसते म्हणून सेट-टॉप बॉक्सचा किंवा जुन्या स्पीकरचा अॅडॅप्टर लावणं हा डबा जाळण्याचा हमखास मार्ग आहे. चांगल्या अॅडॅप्टरला दोन-तीनशे रुपये पडतात. नव्या राउटरच्या मानाने ही रक्कम काहीच नाही.

ढिला एक्स्टेन्शन बोर्डही हेच करतो. फ्रिज किंवा मिक्सर चालू झाल्यावर राउटर मिचकत असेल तर त्याला भिंतीतला वेगळा प्लग द्या.

घरात इन्व्हर्टर असूनही लाइट जाताच राउटर रीस्टार्ट होत असेल, तर इन्व्हर्टरला बदली करायला लागणारा वेळ राउटरला सोसत नाही. बऱ्याच इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’चा स्विच असतो. तो लावला की बदली जलद होते. किंवा राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस घ्या. तो थेट १२ व्होल्ट देतो आणि राउटरला लाइट गेल्याचं कळतही नाही. मोडेम आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप लागतो; एकालाच दिला तर फायदा नाही. या यूपीएसची बॅटरीही दोन-तीन वर्षांत दमते. काही दिवसांपासूनच रीस्टार्ट सुरू झाले असतील आणि मध्ये यूपीएस असेल, तर तो काढून राउटर सरळ प्लगला लावून पाहा.

उष्णता, धूळ आणि शोकेस

राउटर दिसायला बरा नसतो, म्हणून तो टीव्हीच्या मागे, शोकेसमध्ये किंवा सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर जातो. घरगुती राउटर साधारणपणे ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या आसपास जातो. बंद शोकेसमध्ये, दुसऱ्या गरम डब्यावर बसलेल्या राउटरची काय अवस्था होत असेल याचा अंदाज करा. तो जळत नाही, पण अडखळतो. वेग कमी होतो, वाय-फाय गायब होतं, मग रीस्टार्ट.

उपायाला पैसे लागत नाहीत. डबा उघड्यावर, भिंतीला टांगून किंवा पाय लावून ठेवा. हवेच्या फटींवर रुमाल, विणलेलं झाकण किंवा देवाचा फोटो नको. महिन्याला एकदा कोरड्या ब्रशने धूळ काढा. फटींतून मुंग्या आणि पाली आत जातात, विशेषतः पावसाळ्यात डब्याच्या उबेला. डब्यातून करपल्याचा वास आला तर तो वापरणं तिथेच थांबवा.

फायबर: वाकवू नका, डोकावू नका

फायबरमधून वीज जात नाही, प्रकाश जातो. त्यामुळे ती शॉर्ट होत नाही, पण घट्ट वाकली की प्रकाश बाहेर गळतो. कपाट भिंतीला सरकवलं, फायबरची वेटोळी खिळ्यावर घट्ट गुंडाळली, दाराच्या फटीत ती दबली की नेट पूर्ण जात नाही, अधूनमधून जातं. असा अर्धवट बिघाड शोधायला सर्वांत कठीण. राउटरपाशी उरलेली तार मोठ्या, सैल वेटोळ्यात ठेवा. वाटीच्या घेरापेक्षा लहान वेटोळं नको.

डब्याला लागणारा हिरवा कनेक्टर पूर्ण बसलाय का ते बघा. तो उगाच काढ-घाल करू नका. त्याच्या टोकावर बोट लागलं किंवा धूळ बसली तरी प्रकाश अडतो. त्या टोकात डोळा घालून तर कधीच पाहू नका. त्यातला लेझर डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

प्रकाशाची ताकद मोजता येते. बऱ्याच डब्यांच्या स्टेटस पानावर ‘आरएक्स ऑप्टिकल पॉवर’ हा आकडा डीबीएममध्ये दिसतो आणि तो उणे असतो. साधारणपणे उणे १५ ते उणे २५ असेल तर लाइन ठीक. उणे २७ च्या पलीकडे गेला की डबा कसाबसा तग धरतो. तीन डीबीने घट म्हणजे प्रकाश निम्म्यावर आला. त्यामुळे गेल्या महिन्यात उणे २० असलेला आकडा आज उणे २६ झाला असेल, तर नेट अजून चालत असलं तरी कुठेतरी जॉइंट खराब झाला आहे. नेट चांगलं चालू असताना हा आकडा एकदा लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक भांडणात तो कामी येईल.

बाहेरची तार हा आपल्याकडचा कायमचा जखमी भाग. खांबावरून लोंबणाऱ्या तारा उंच ट्रकने ओढल्या जातात, रस्त्याच्या खोदाईत जेसीबीखाली येतात, मांडव घालताना आणि झाडांच्या फांद्या छाटताना तुटतात, उंदीर-खारी त्या कुरतडतात. तुटलेली तार मशीनने जोडली तर ठीक. घाईत तात्पुरता जॉइंट मारून टेप गुंडाळलेला असेल, तर पहिल्याच मोठ्या पावसात तो जॉइंट बोलू लागतो. दुरुस्तीला आलेल्या माणसाला ‘जॉइंट कुठे मारला, त्याला बॉक्स लावला का?’ हे जरूर विचारा.

वळवाच्या पावसाआधी

एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तो विजांसह. वीज घरावरच पडायला हवी असं नाही. जवळपास पडली तरी लांब तांब्याच्या वायरीत विजेचा झटका उतरतो. त्यामुळे गच्चीवरून लॅनची वायर येणाऱ्या घरांत राउटरचा वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरची वायर लागते ती जागा, पहिल्यांदा जातो. दिवे लागतात, वाय-फाय दिसतं, पण वायर जोडल्याचं राउटरला कळतच नाही. गडगडाट सुरू झाला की अॅडॅप्टर आणि लॅन वायर दोन्ही काढून ठेवा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. शुद्ध फायबर असलेल्या घरात तारेतून धोका नाही, पण अॅडॅप्टरमधून आहेच.

वाय-फायची दुखणी

वायरने जोडलेल्या लॅपटॉपवर नेट अखंड चालतंय आणि मोबाइलवर तुटतंय, तर तक्रार कंपनीकडे करून उपयोग नाही. राउटर घराच्या मध्यात, छातीच्या उंचीवर किंवा त्याहून वर हवा. फायबर जिथून आत आली तिथेच, दाराजवळच्या कोपऱ्यात तो टांगला की मागच्या खोलीपर्यंत मधल्या सगळ्या भिंती पार कराव्या लागतात. जुन्या वाड्याच्या जाड भिंती, स्लॅब, पाण्याची टाकी, लोखंडी कपाट आणि मोठा आरसा हे लहरींचे शत्रू.

२.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते, पण गर्दीची. फ्लॅटच्या इमारतीत वीस-पंचवीस राउटर एकमेकांवर ओरडत असतात. तिथे १, ६ आणि ११ हेच तीन चॅनेल एकमेकांत न मिसळणारे. त्यातला कमी गर्दीचा निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच लहरींच्या आसपास काम करतो. दूध गरम करताना व्हिडिओ अडकत असेल तर कारण तेच.

५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीत अडते. तिचं नाव मधेच मिनिटभर गायब होऊन परत येत असेल तर चॅनेल तपासा. त्यातले काही चॅनेल रडारसाठीही असतात. रडारची चाहूल लागली की राउटरला तो चॅनेल सोडावा लागतो आणि नव्या चॅनेलवर बोलण्याआधी निदान मिनिटभर ऐकत थांबावं लागतं. ३६ ते ४८ मधला चॅनेल पक्का करून ठेवला की हा प्रकार थांबतो.

मोठ्या किंवा दुमजली घरात स्वस्त रिपीटर लावण्यापेक्षा लॅनची वायर ओढून दुसरा राउटर लावा. एकाच लहरीवर ऐकून त्याच लहरीवर बोलणारा रिपीटर वेग निम्म्यावर आणतो. वायर कॅट ५ई किंवा ६ ची घ्या. लॅनवर वेग ९५ एमबीपीएसच्या आसपास अडकून बसला असेल तर वायरीतल्या आठपैकी एखादी तार तुटली असण्याची शक्यता पाहा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, शंभरला दोनच पुरतात.

सेटिंगमधले सापळे

रीस्टार्ट आणि रीसेट यांची गल्लत करू नका. डब्याच्या मागच्या बारीक भोकात पिन खुपसून दहा सेकंद दाबलं की सगळं कारखान्यातल्या मूळ स्थितीला जातं. वाय-फायचं नाव-पासवर्ड तर जातोच, पण कंपनीने भरलेलं युजरनेम आणि लाइनची इतर माहितीही जाऊ शकते. मग नेट आणायला त्यांचाच माणूस यावा लागतो. रीसेट करायचाच असेल तर आधी सेटिंगच्या पानांचे फोटो घ्या.

दुसरा राउटर जोडल्यापासून घरात नेट कधी चालतं, कधी नाही, असं होत असेल तर दोन्ही डबे १९२.१६८.१.१ हाच पत्ता सांगत असण्याची आणि दोघेही मोबाइलना पत्ते वाटत असण्याची शक्यता मोठी. दुसऱ्याला ‘अॅक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाका. लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल, तर त्याला कोणत्याच राउटरने पत्ता दिलेला नाही.

राउटर बदलल्यावर नेट येत नसेल तर जुन्या डब्याचा ‘मॅक’ पत्ता, म्हणजे त्या उपकरणाचा ओळख क्रमांक, कंपनीने बांधून ठेवलेला असू शकतो. नवा नोंदवून घ्या.

राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड ‘अॅडमिन’च असेल तर तो आजच बदला. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या अनेक ग्राहकांच्या मोडेमवर मालवेअरचा हल्ला झाला होता आणि मूळ पासवर्ड न बदललेले मोडेम त्यात सापडले होते. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअरही वर्षातून एक-दोनदा अद्ययावत करा, पण लाइट जायच्या वेळेत नको. अर्धवट राहिलेला अपडेट डबा कायमचा निकामी करू शकतो.

तक्रार अशी करा

‘नेट चालत नाही’ एवढंच सांगितलं की पलीकडून ‘बंद करून चालू करा’ हेच येणार. त्याऐवजी असं सांगा: ‘काल रात्री ९ वाजून १० मिनिटांनी लॉसचा दिवा लाल झाला, पंचवीस मिनिटं तसाच होता. शेजारचं कनेक्शनही गेलं होतं. राउटरला हात लावलेला नाही. या आठवड्यात हे तिसऱ्यांदा. माणूस पाठवताना ऑप्टिकल पॉवर मीटरसह पाठवा.’ अशा तक्रारीने समोरच्याला कळतं की तुम्ही नोंद ठेवता. माणूस आला की मीटरवरचा आकडा स्वतः पाहा आणि लिहून घ्या.

ओळखीच्या केबलवाल्या दादाला फोन करणं सोयीचं असतं, पण त्याची कुठे नोंद होत नाही. फोन त्याला जरूर करा, पण कंपनीच्या अधिकृत क्रमांकावर किंवा अॅपवरही तक्रार नोंदवून तिचा डॉकेट क्रमांक घ्या. बिघाड न सुटता ‘तक्रार निकाली’ असा मेसेज आला तर तिथेच नकार कळवा.

दूरसंचार ग्राहकांच्या तक्रारींसाठी ट्राय या दूरसंचार नियामकाचे २०१२ चे नियम आहेत. पहिल्या पायरीवर समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे तक्रार सोडवण्याची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं, त्याला शुल्क नाही, आणि ते ३९ दिवसांत निकाली काढायचं असतं. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, हे लक्षात घ्या. त्यापुढे केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे तक्रार नेता येते, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला मिळतो, आणि ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतात, असं स्पष्ट केलं. नेट बरेच दिवस बंद राहिलं असेल तर त्या दिवसांच्या भाड्यात सूट मागा. न मागता ती क्वचितच मिळते.

पैसे कोणत्या क्रमाने खर्च करायचे

आधी फुकटचे उपाय: डब्याची जागा बदलणं, फायबरची वेटोळी सैल करणं, चॅनेल आणि डीएनएस बदलणं. त्यानंतर अॅडॅप्टर. त्यानंतर लाइट वारंवार जात असेल तर छोटा यूपीएस. हे सगळं करूनही राउटरचं अपटाइम दर दोन दिवसांनी शून्यावर येत असेल, किंवा लाइन टिकलेली असताना वाय-फाय मरत असेल, तेव्हाच राउटर बदला. डबा कंपनीचा असेल तर बदलून देण्याची जबाबदारीही बहुधा त्यांचीच असते, म्हणून विकत घेण्याआधी बिल आणि डिपॉझिटची पावती काढून बघा.

आणि नोंदी सांगत असतील की डबा आठवडेच्या आठवडे सलग चालू आहे, प्रकाशाचा आकडा मात्र घसरतोय, तर नव्या राउटरवर एक रुपयाही घालू नका. तो पैसा त्याच परिसरात तार चांगली राखणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या कनेक्शनसाठी ठेवा. ती कोणती, हे जाहिरातीवरून ठरवू नका. गेल्या पावसाळ्यात कुणाचं नेट किती दिवस बंद होतं, एवढं शेजारी विचारा.